धूळ आढळली नाही

अहवालाच्या अकराव्या पानावर ते वाक्य होतं, आणि ते वाचताना मी टेबल पुसत होते. डाव्या हातात मोबाइल, उजव्या हातात फडकं. बुलढाण्याच्या कोर्टासमोर माझं चेंबर आहे. चेंबर कसलं, झेरॉक्सच्या दुकानामागची एक खोली, दोन वकिलांत मिळून एक पंखा. रोज सकाळी आल्यावर आधी टेबल पुसायचं आणि मग फायली काढायच्या, ही वीस वर्षांची सवय. तर ते वाक्य असं होतं: 'पाहणीच्या दिवशी वस्तीतील घरे, अंगणे व झाडांची पाने यांवर धूळ आढळली नाही. परिसर अत्यंत स्वच्छ आढळला. छायाचित्र क्रमांक सात पाहावे.' मी छायाचित्र क्रमांक सात पाहिलं. सारवलेला ओटा, ओट्यापुढे सडा, सड्यावर रांगोळीचं कमळ, दाराला धुतलेला निळा पडदा. तो पडदा मीच चिखलीच्या बाजारातून नेऊन दिला होता. ते माझ्या मायचं घर होतं. फडकं हातातच राहिलं. समोरच्या टेबलावरून राखीनं विचारलं, "काय झालं गं?" राखी माझ्याबरोबर खोली वाटून घेते, ती घटस्फोटांच्या केसेस करते. मी म्हणाले, "माझ्या मायनं पुरावा धुऊन टाकला." ती आधी हसली. मग माझा चेहरा तिला दिसला. तिनं पंख्याचं तोंड माझ्याकडे वळवलं.

दोन वर्षं, दोन वर्षं मी या केसच्या मागे होते. अमडापूरच्या पुढे टेकडीच्या पायथ्याशी आमचं गाव, आणि टेकडीवर दगड फोडायचा क्रशर. नियमानं जेवढं अंतर हवं त्याच्या निम्मंही अंतर नाही. सकाळी सातला तो सुरू झाला की आमच्या वस्तीवर पांढरं पीठ उतरतं. ते तव्यावर उतरतं, दोरीवरच्या कपड्यांवर उतरतं, म्हशीच्या पाठीवर उतरतं. अर्जदार बारा जण, पहिला नंबर मायच्या शेजारच्या जमीलाबींचा. हरित लवादापुढे अर्ज, तारखा, उत्तरं, प्रत्युत्तरं, आणि एवढं सगळं होऊन अखेर लवादानं समिती नेमली की जा आणि डोळ्यांनी बघून या. याच एका पाहणीसाठी मी दोन वर्षं रक्त आटवलं होतं. आणि समिती आली तेव्हा, आपली मंडळी काय करणार, त्यांनी पाहुण्यांसाठी गाव धुतलं. क्रशरवाल्यांनी त्या दिवशी यंत्र दुरुस्तीला काढलं होतं आणि रस्त्यावर पाण्याचे फवारे सोडले होते, ते तर मला ठाऊकच होतं. त्यावर काय बोलायचं ते मी आधीच लिहून ठेवलं होतं. आमच्याच बायांच्या झाडूवर काय बोलायचं, ते कुठल्या कायद्यात आहे? अहवाल मान्य झाला तर केस निकालात निघणार, आणि शाळेच्या मागं दुसऱ्या क्रशरची परवानगी टपून बसलेलीच होती. मायचा खोकला तर चिखलीच्या डॉक्टरनं छातीचा फोटो उजेडात धरून मला दाखवला होता. म्हणाला, मॅडम, या धुळीत अजून दोन उन्हाळे काढू देऊ नका. मी म्हटलं होतं, एकही काढू देणार नाही. किती सहज बोलून जातो आपण.

लोक मला पर्यावरणवाल्या मॅडम म्हणतात. त्यात थोडं कौतुक असतं आणि बरीचशी कीव. माझी पहिली केस देऊळगाव राजाकडची, नदीतल्या वाळूची. सहा वर्षं चालली आणि मी जिंकले. बार रूममध्ये पेढे वाटले. वाळू काढायला मनाईचा आदेश घेऊन नदीवर गेले तर नदीत वाळूच नव्हती, खाली नुसता काळा दगड उघडा पडला होता, आणि एक म्हातारा त्या दगडावर बसून दात घासत होता. दुसरी साखरखेर्ड्याकडची, रस्त्याच्या कडेच्या चिंचांची. झाडं तोडू नयेत असा आदेश आला तेव्हा झाडं तोडून अकरा दिवस झाले होते. मी तरी तो आदेश फाइलला लावला, आडव्या दोऱ्यानं नीट बांधला. एकदा पुण्याला हवामानबदलावरच्या कार्यशाळेत गेले. थंडगार हॉल, दीड अंश, दोन अंश, कोर्टांची भूमिका. मी उठून विचारलं, "मले एक सांगा, हे दोन अंश होईपर्यंत आमच्या गावाच्या छातीत जो दगड जाऊन राह्यला त्याचं काय?" 'मले' म्हटल्याबरोबर पहिल्या रांगेतल्या दोन बाया एकमेकींकडं बघून गोड हसल्या. मंचावरचे गृहस्थ म्हणाले, तो स्थानिक प्रश्न आहे. हो ना, बाबा. जिथं माणूस राहतो तो स्थानिकच प्रश्न असतो. हे उत्तर मला परतीच्या बसमध्ये, सिंदखेडराजा मागं पडल्यावर सुचलं. माझी सगळी चांगली उत्तरं परतीच्या बसमध्ये सुचतात.

रविवारी मी गावी गेले. रागानं गेले. रस्ताभर भांडणाची वाक्यं जुळवत गेले. माय ओट्यावर बसून गहू निवडत होती आणि मला पाहून तिचा चेहरा असा फुलला की माझी पहिली तीन वाक्यं तिथंच गेली. "आलते वं तुहे साहेब!" ती म्हणाली. "पाच जन होते. शेषरावनं फवारणीचा पंप आनला, आम्ही निंबाचं झाड शेंड्यापासून धुतलं. मंगळवारचं पेयाचं पानी बी सड्याले गेलं, जाऊ दे. जमीलानं छपराचे टिनं धुतले. लय कष्ट केले बायांनी." मी म्हणाले, "माय, काऊन केलं हे?" तिला प्रश्नच कळला नाही. ती सांगतच राहिली. एक साहेब ओट्यावर बसला, चहा प्यायला, कप खाली ठेवून म्हणाला, आजी, घर लय साफ ठेवता तुम्ही. हे सांगताना तिनं कपाळावरचा पदर नीट केला, जणू साहेब अजून समोर बसला होता. मग मला जवळ ओढून, जमीलाबींनाही ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात म्हणाली, "अन् पाचातल्या एकानं बी रुमाल नाही लावला नाकाले." मग खोकल्याची उबळ आली. मी पाठीवरून हात फिरवत राहिले. हाताखाली तिच्या बरगड्या लागत होत्या.

तो रुमाल मलाही आठवतो. मी सात-आठ वर्षांची असेन. वस्तीत कसली तरी मोजणी करायला एक साहेब आला होता. निंबाच्या पलीकडं, वस्तीच्या तोंडाशीच तो उभा राहिला, खिशातून घडीचा पांढरा रुमाल काढला आणि नाकाला लावला. तिथूनच तो नावं पुकारत होता आणि रुमालातून आवाज फुटत नव्हता. माझा बाप त्या वेळी पंचायत समितीत शिपाई. नाव कचरू, पण कपडे असे की इस्त्रीची घडी दुपारीही मोडलेली नसे. सुटीचा दिवस होता म्हणून तो घरी होता. नाव पुकारल्यावर तो त्या साहेबासमोर जाऊन उभा राहिला, पांढऱ्याधोप सदऱ्यात, आणि साहेबानं रुमाल काढला नाही. वास कसला होता? काही नव्हता. निंबाला फुलोरा आला होता. त्या संध्याकाळी मायनं मला टाचा घासायच्या वजरीनं असं घासलं की मानेचं सालटं निघालं. मी ओरडत होते आणि ती दात आवळून म्हणत होती, "कोनी नाव नाही ठेवलं पाह्यजे. कोनी नाव नाही ठेवलं पाह्यजे." तेव्हापासून आमच्या घरी कोणीही येणार असलं की आधी सडा. मीटर वाचणारा येवो, डॉक्टर येवो, मतं मागणारा येवो. बाप गेला त्या दिवशी सुद्धा, माणसं जमायच्या आधी, तिनं अंगण झाडून घेतलं होतं. आणि मी, शिकलेली, काळा कोट घालणारी, सकाळी साडेनऊला टेबल पुसते. कोणासाठी पुसते? माझे अशील चिखलाच्या चपलांनी येतात, त्यांना टेबलाचं काय. मी कधी स्वतःला विचारलं नाही.

खरं सांगायचं तर चूक मायची नव्हतीच. समितीच्या आदल्या रविवारी मीच फोन केला होता. म्हणाले, बुधवारी साहेब लोक येतील, सगळ्यांनी घरी राहा, कामाला जाऊ नका, विचारतील ते खरं सांगा. माझी त्या दिवशी मेहकरला दुसरी तारीख होती, मी दुपारून पोचणार होते. आणि फोन ठेवता ठेवता एक वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. हे मी अजून राखीलाही सांगितलेलं नाही. 'माय, तीन दिवस झाडू नको.' वकील म्हणून ते वाक्य बरोबर होतं, कोणीही वकील हेच सांगेल. पण मला ते आईला बोलता आलं नाही. एका बाईला, जिनं आयुष्यभर एकाच गोष्टीची धास्ती घेतली, तिला मी कसं सांगू की साहेब येतील तेव्हा तू त्यांना घाणीत दिसली पाहिजेस? मी म्हणाले, बरं ठेवते, आणि ठेवला फोन. मनाशी म्हणाले, एवढी धूळ आहे, झाडून झाडून किती झाडतील. मला आमच्या बाया माहीत असून मी असं म्हणाले. दुपारी अडीचला पोचले तेव्हा समितीच्या गाड्या अमडापूरच्या फाट्यावर मला समोरून आडव्या गेल्या, काचा वर केलेल्या, आणि गावात शिरल्यावर पहिलं काही दिसलं असेल तर तो हिरवागार निंब. दोन वर्षांत प्रथमच हिरवा. मला वाटलं क्रशरवाल्यांच्या फवाऱ्यांनी धुतला, आणि मायला न भेटताच मी समितीला गाठायला गाड्यांच्या मागं माघारी फिरले. पण क्षणभर मला तो निंब सुंदर वाटला, हेही खरं.

तर त्या रविवारी ओट्यावर मी मायला आक्षेपाचा कागद दाखवला. सोमवारच्या सुनावणीत सांगायचं होतं की अहवाल चूक नाही, पण अपुरा आहे. पाहणीआधी लोकांनीच सगळं धुतलं होतं. फोटो मायच्या घराचा, म्हणून प्रतिज्ञापत्र मायचं हवं. मी वाचून दाखवलं: 'माझ्या घरावर व अंगणात दररोज दगडाच्या धुळीचा थर साचतो.' माय ऐकत होती. मग म्हणाली, "म्हंजे मी कोर्टाले लिहून देऊ का आमचं घर घान रायते म्हनून?" मी म्हणाले, "घाण नाही माय, धूळ. वरून येते ती. क्रशरची." "तू धूळ लिहशीन. वाचनारा घानच वाचन." "माय, ते जज आहेत." "मंग? जजाले नाक नाही का?" मी चिडले, ती चिडली, गव्हाचं सूप कलंडलं. भिंतीपलीकडून जमीलाबी आल्या, हाताला शेवयांचं पीठ लागलेलं. त्या म्हणाल्या, "धम्मा, तू माह्या घराचं लिही. शेवया वाळू घालते अन् दाताखाली दगड येते. घरात सून आहे, लेकरू आहे. मले कायची शरम? माह्यावर धूळ टाकनाऱ्याले शरम पाह्यजे." बरोबर बोलल्या. जमीलाबींनी सही केली, जाड जाड अक्षरांत. माय गहू वेचत राहिली. निघताना तिनं मला चटणीची बरणी दिली. बसमध्ये बरणी मांडीवर घेऊन बसले. मनात येत होतं की बाई, ही केस तुझ्या छातीसाठी आहे ना, मग तुझी अब्रू आणि तुझी छाती यांतलं एक काही निवड. आणि असं मनात आलं म्हणून माझी मलाच किळस आली.

सोमवारी सुनावणी मोबाइलच्या पडद्यावर. पडद्यावर चार चौकोन, एका चौकोनात मी, मागं राखीनं धरलेला पांढरा कागद, मागची झेरॉक्सची पाटी दिसू नये म्हणून. समोरचे वकील मोठे गोड बोलणारे. म्हणाले, "माझ्या तीस वर्षांच्या वकिलीत हे पहिलंच प्रकरण, ज्यात अर्जदार तक्रार करतात की आमचं गाव फार स्वच्छ दिसलं." सगळे चौकोन हसले. माझाही चौकोन हसला असावा, चेहऱ्याला सवय असते. मग त्यांनी विचारलं, "छायाचित्र सातमधल्या घरमालकिणीचं प्रतिज्ञापत्र कुठे आहे?" मी म्हणाले, "ते नाही." "का नाही?" मी आवाज बंद करायचं बटण शोधत राहिले, जणू त्यानं काही होणार होतं. मग म्हणाले, "ती माझी आई आहे. आमचं घर अस्वच्छ असतं, असं ती लिहून द्यायला तयार नाही. साहेब लोक आले तेव्हा तिनं घर झाडलं. आमच्या वस्तीत साहेब आला की झाडतात. कारण एकदा झाडलेलं नसताना तो आला होता." पुढचं मला नीट आठवत नाही. कोणी हसलं नाही एवढं आठवतं. जजसाहेबांनी समोरचे कागद चाळले आणि आदेश सांगितला: अहवाल तूर्त मान्य नाही. समितीनं चार आठवड्यांत पुन्हा पाहणी करावी, आणि कोणत्याही पक्षाला पूर्वसूचना न देता करावी. राखीनं हातातला कागद टाकून मला मिठीच मारली. वीस वर्षांत वाळू संपायच्या आधी, झाड पडायच्या आधी आलेला हा माझा पहिला आदेश होता.

मी त्याच दुपारी गाडी करून गावी गेले. जमीलाबींना सांगितलं, शेषरावला सांगितलं, सगळ्यांना समजलं. मायलाही सांगितलं. "पुन्यांदा येतील?" तिनं विचारलं. "हाव." "कवा?" "ते सांगत नसतात. कवाही येतील. चार आठवड्यांत, कोनत्याही दिवशी." माय पदर खोचत उठली आणि म्हणाली, "मंग तं रोजच सडा टाका लागन." आणि झाडू घ्यायला वळली. मग माझा बांध फुटला. काय काय बोलले मी! म्हणाले, "नको झाडू! हात जोडतो तुझ्यापुढं, नको झाडू! तू झाडतं अन् मी हरतो! तुह्या या सड्यानं तुहा जीव जाईन, अन् तुह्या मयतीले बी तूच उठून अंगण झाडशीन!" टेकडीवरचा क्रशर घरघरत होता. मायनं झाडूकडं बघितलं. मग तो दाराच्या मागं नीट उभा करून ठेवला, जिथं तो नेहमी असतो तिथंच. "बरं," ती म्हणाली. "नाही झाडत." बस्स, एवढंच. तिनं मला चहा करून दिला. मी जिंकले होते, दिवसातून दुसऱ्यांदा.

काल एकोणीस दिवस झाले. समिती आलेली नाही. मी रोज राखीला विचारते, ती रोज खांदे उडवते. काल गावी गेले. दार लोटलेलं होतं. भरदिवसा मायच्या घराचं दार लोटलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. जमीलाबी म्हणाल्या, "ओट्यावर बसत नाही आता. आम्हाले बी अंदर नाही घेत. म्हने, आता नको, नंतर येजो." मी दार ढकललं. फरशीवर पांढरा थर, त्यावर चुलीपासून खाटेपर्यंत तिच्या पावलांची एकच वाट. भांड्यांवर थर, निळ्या पडद्यावर थर, गव्हाच्या पोत्यावर थर. फक्त भिंतीवरच्या फोटोंच्या काचा लख्ख होत्या, बुद्धाची, बाबासाहेबांची, आणि पांढऱ्या सदऱ्यातल्या माझ्या बापाची. माय खाटेवर बसली होती, धुतलेलं लुगडं नेसून, पदर आणि निऱ्या गोळा करून मांडीत घेतलेल्या, खाली कुठं टेकू नयेत म्हणून. मी फोटोंकडं बघते आहे हे तिनं पाहिलं. "तेवढं पुसतो," ती म्हणाली. "तुह्या कागदात लिहून देजो, तेवढं मी पुसलं म्हनून." मी म्हणाले, लिहीन. समोरचे वकील त्याचं काय करतील ते मला ठाऊक होतं, तरी म्हणाले लिहीन. मी तिच्या शेजारी बसायला गेले तर तिनं मला थांबवलं, उशीखालून धुतलेला टॉवेल काढला, खाटेवर अंथरला आणि मग म्हणाली, बस. आम्ही दोघी बसून राहिलो. टेकडीवर यंत्र चालू होतं. दारातून उन्हाचा पट्टा आत आला होता आणि त्यात पांढरं काही तरी सावकाश खाली येत होतं. बऱ्याच वेळानं तिनं रस्त्याकडं कान दिला.

"आज बी नाही आले ना वं?"

"नाही, माय."

"बरं," ती म्हणाली. "मंग आज बी नाही झाडत."